सात नव्या पैशांचे दैनिक : ‘सकाळ’चा व्यवसाय आणि पृष्ठ-मूल्याचा वाद

प्रादेशिक दैनिकाच्या इतिहासाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका दृष्टीत संपादकांची चरित्रे, अग्रलेख व चळवळी यांना प्राधान्य मिळते. दुसरीत भांडवल, छपाईयंत्रे, कागद, खप व जाहिराती यांचा हिशेब मांडला जातो. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा पहिल्या दृष्टीनेच लिहिला गेला. ज्या पत्रांनी तुरुंगवास व जामीनकी सोसली, त्यांच्या जमाखर्चाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जाऊ नये, हे स्वाभाविकच होते. परंतु वृत्तपत्राचे स्वातंत्र्य आणि वृत्तपत्राचा जमाखर्च या दोन गोष्टी खरोखरच एकमेकींपासून अलग करता येतात काय, हा प्रश्न १९६१ साली एका मराठी दैनिकाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पुण्याचे ‘सकाळ’ हे ते दैनिक होय. या खटल्याचा उल्लेख घटनाशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो. मात्र तेथे तो एका सिद्धान्ताचा आधार म्हणून येतो, आणि ज्या व्यवसायातून तो उद्भवला त्याचा विचार बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात त्या व्यवसायाच्या बाजूने या प्रकरणाचा विचार केला आहे.

१. पार्श्वभूमी

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’पासून मानला जातो. ‘सकाळ’चा पहिला अंक १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात निघाला. या दोन घटनांमधील शंभर वर्षांत मराठी पत्रे संख्येने व प्रभावाने वाढली, तरी दैनिक पत्राचा व्यवसाय मात्र फार सावकाश रुजला. साप्ताहिकाला थोडे भांडवल, थोडे मनुष्यबळ व एका समर्थ लेखकाची लेखणी एवढ्यावर उभे राहता येते. दैनिकाला दररोज ठरलेल्या वेळी कागद, खिळे, जुळारी, तारा आणि वाहतूक ही सारी एकत्र आणावी लागतात. पुण्यात १८४९ साली साप्ताहिक म्हणून निघालेले ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ साली दैनिक झाले. ‘केसरी’चा प्रभाव सर्वांत मोठा होता, परंतु १९३२ साली ‘केसरी’ दैनिक नव्हता. मुंबईत अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने व पुढे १९२३ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘नवाकाळ’ने दैनिकाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला होता. तथापि मुंबईची बाजारपेठ वेगळी आणि पुण्याची वेगळी. गिरण्या, गोदी, पेढ्या व मोठे जाहिरातदार यांच्या आश्रयावर जे मुंबईत शक्य होते, ते पेन्शनर, विद्यार्थी व लहान व्यापारी यांच्या पुण्यात सहजासहजी शक्य नव्हते.

काळही प्रतिकूल होता. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. १९३१ च्या आणीबाणीच्या मुद्रण कायद्यान्वये सरकारला छापखान्यांकडून जामीन मागता येत असे, व तो जप्तही करता येत असे. ‘सकाळ’च्या पहिल्या अंकानंतर तीनच दिवसांनी, ४ जानेवारी १९३२ रोजी, महात्मा गांधींना अटक होऊन त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी तेथे त्यांचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. साऱ्या देशाचे लक्ष ज्या बातमीकडे लागले होते, ती पुण्यातील दैनिकाच्या अगदी दारात घडत होती. परंतु ती छापण्यातील धोकाही तितकाच जवळ होता.

२. बातमीप्रधान पत्र

‘सकाळ’चे संस्थापक डॉ. नारायण भिकाजी तथा नानासाहेब परुळेकर (१८९७–१९७३) यांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले होते व तेथील वृत्तपत्रांचा व्यवहार जवळून पाहिला होता. तत्कालीन मराठी पत्र हे प्रामुख्याने मतपत्र असे. वाचक अग्रलेखासाठी पत्र घेई, आणि संपादकाची भूमिका हीच त्या पत्राची ओळख ठरे. परुळेकरांनी हा क्रम बदलला. बातमी हा अंकाचा मुख्य भाग मानून, गावोगावी वार्ताहर नेमून, स्थानिक घडामोडींना त्यांनी नियमित जागा दिली. नगरपालिकेचा कारभार, पाणीपुरवठा, पिके, बाजारभाव, शाळांचे निकाल, जत्रा, अपघात अशा ज्या विषयांना मतपत्रात कोपऱ्यातच स्थान मिळे, ते विषय अंकाच्या मध्यभागी आले. भाषाही सोपी व लहान वाक्यांची ठेवण्यात आली.

या बदलाचा वाङ्मयीन परिणाम बऱ्याच अभ्यासकांनी नोंदविला आहे. त्याचा आर्थिक परिणाम तेवढाच महत्त्वाचा असून तो सहसा दुर्लक्षिला जातो. मतपत्राला पाने थोडी पुरतात, कारण अग्रलेखाची लांबी खप वाढला म्हणून वाढत नाही. बातमीपत्राची गोष्ट निराळी आहे. बातमीपत्राचा वाचक जसा नव्या तालुक्यात पसरतो, तशी त्या तालुक्याच्या बातम्यांसाठी अंकात जागा द्यावी लागते. राष्ट्रीय व परदेशी बातम्या वृत्तसंस्थेकडून तारेने येतात आणि त्या सर्वच दैनिकांत थोड्याफार फरकाने सारख्या असतात. एका प्रादेशिक दैनिकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारा मजकूर म्हणजे जिल्ह्याचा व गावाचा मजकूर होय. मोठ्या बातम्यांनी पहिली पाने व्यापल्यावर या मजकुराच्या वाट्याला उरलेली पाने येतात. यावरून असा निष्कर्ष निघतो की, प्रादेशिक दैनिकाच्या अंकातील शेवटची दोन पाने म्हणजे व्यवहारतः त्याच्या प्रदेशाची पाने होत. पाने कमी करण्याची वेळ आली तर राजधानीची बातमी टिकते आणि खेड्याची बातमी जाते. पुढील वादाचे मर्म या साध्या गोष्टीत आहे.

३. अंकाचा खर्च व अंकाची किंमत

दैनिकाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला भाग अंक एक छापला काय किंवा पन्नास हजार छापले काय, जवळजवळ तेवढाच राहतो. संपादकवर्गाचे वेतन, वार्ताहरांचे मानधन, वृत्तसंस्थेची वर्गणी, तारांचा खर्च आणि जुळणी हे सर्व या भागात येते. देवनागरी जुळणीचा खर्च तर विशेष जड असे. जोडाक्षरे व मात्रा-वेलांट्या यांमुळे रोमन लिपीच्या तुलनेत देवनागरी केसमध्ये खिळ्यांची संख्या कितीतरी अधिक लागते. परिणामी हाताने जुळणी करणाऱ्या जुळाऱ्याचा वेग कमी पडतो आणि यांत्रिक जुळणीचा अवलंबही उशिरा होतो. इंग्रजी दैनिकाच्या मानाने मराठी दैनिकाला एक पान भरण्यास अधिक श्रम लागत, याचे हे एक कारण होय.

खर्चाचा दुसरा भाग प्रतींच्या संख्येबरोबर व पानांच्या संख्येबरोबर वाढतो. त्यात कागद, शाई, बांधणी, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांचा समावेश होतो. पैकी कागद ही सर्वांत मोठी बाब आहे. मध्य प्रदेशातील नेपानगर येथील गिरणीत १९५५ च्या सुमारास वृत्तपत्री कागदाचे उत्पादन सुरू झाले, तरी देशाची बहुतेक गरज त्या काळी आयातीनेच भागत असे, व आयात म्हणजे परकीय चलन आणि सरकारी परवाना. वाहतुकीच्या बाबतीत मात्र स्वातंत्र्योत्तर काळात एक अनुकूल बदल घडला. १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे एस. टी. च्या जाळ्यामुळे जेथे आगगाडी पोहोचत नव्हती अशा तालुक्यांच्या गावीही पहाटेच्या गाडीने अंकांचे गठ्ठे जाऊ लागले. प्रादेशिक दैनिकाच्या प्रदेशाची सीमा कोठे पडते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा भाषेपेक्षा पहाटेच्या गाडीच्या वेळापत्रकावरून मिळते.

आता उत्पन्नाकडे पाहावे. वाचक अंकासाठी जी किंमत देतो, तीतून विक्रेत्याचे कमिशन वजा जाता उरणारी रक्कम दैनिकाचा सर्व खर्च भागवू शकत नाही. उरलेला भार जाहिरातींनी उचलावा लागतो. जाहिरातीचा दर खपावर अवलंबून असतो. खप किंमत व मजकूर यांवर अवलंबून असतो. आणि मजकूर पानांवर अवलंबून असतो. किंमत, पाने, खप व जाहिरात ही चार चाके एकाच आसाला जोडलेली आहेत. त्यांतील एकाची गती बाहेरून ठरवून दिली की बाकीच्या तिन्हींची गती बदलते. १९५६ च्या कायद्याने नेमके हेच केले.

४. पृष्ठ-मूल्याचा कायदा

या कायद्याचे मूळ पहिल्या वृत्तपत्र आयोगात आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या या आयोगाने १९५४ साली अहवाल सादर केला. वृत्तपत्र व्यवसायातील मक्तेदारीची प्रवृत्ती, मोठ्या शहरांतील बलाढ्य पत्रसमूह आणि त्यांच्यापुढे टिकाव न धरू शकणारी भाषिक पत्रे हे चित्र आयोगापुढे होते. ज्या पत्राला जाहिरातींचे उत्पन्न विपुल आहे, ते थोड्या किमतीत पुष्कळ पाने देऊ शकते. ज्याला ते नाही, त्याला त्याच किमतीत तेवढी पाने देता येत नाहीत. वाचक साहजिकच जाड अंकाकडे वळतो. म्हणून विशिष्ट किमतीला जास्तीत जास्त किती पाने द्यावीत याचे कोष्टक सरकारने ठरवून द्यावे, अशी शिफारस आयोगाने केली.

तीनुसार १९५६ साली वृत्तपत्र (मूल्य व पृष्ठे) अधिनियम संमत झाला. वृत्तपत्रांमधील अनुचित स्पर्धेस आळा घालावा, आणि अल्प साधनांच्या व विशेषतः भारतीय भाषांतील वृत्तपत्रांना मतप्रकटनाची अधिक संधी मिळावी, असा हेतू या कायद्यात स्पष्ट शब्दांत नमूद होता. किमतीच्या प्रमाणात पाने व आकार ठरविण्याचा, तसेच जाहिरातींसाठी किती जागा द्यावी हे ठरविण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. या अधिकारान्वये १९६० साली दैनिक वृत्तपत्रांसाठी आदेश काढण्यात आला. पुरवण्या काढण्यावरही त्याने सरकारी परवानगीचे बंधन घातले.

कायद्याच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. ज्या अडचणीचा आयोगाने निर्देश केला होता ती खरी होती. परंतु या कायद्यास आव्हान देणारे ‘सकाळ’ हेही भारतीय भाषेतीलच पत्र होते, आणि मुंबई, दिल्ली व मद्रास येथील मोठ्या समूहांच्या तुलनेत साधनांनीही लहानच होते. ज्याच्या रक्षणासाठी कायदा केला, त्याच वर्गातील एक पत्र त्याच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहिले, या विसंगतीचे स्पष्टीकरण ‘सकाळ’च्या हिशेबात सापडते.

५. चौतीस पाने की चोवीस

न्यायालयापुढे मांडण्यात आलेल्या माहितीनुसार ‘सकाळ’चा खप रोजच्या अंकाच्या बाबतीत ५२,००० व रविवारच्या अंकाच्या बाबतीत ५६,००० प्रती इतका असून तो महाराष्ट्र व कर्नाटक या प्रदेशांत पसरलेला होता. आठवड्यातील पाच दिवस सहा पानांचा व एक दिवस चार पानांचा अंक निघे. त्याची किंमत सात नवे पैसे होती. रविवारचा अंक दहा पानांचा असून तो बारा नव्या पैशांना मिळे. एकूण जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींनी व्यापलेली असे. म्हणजे रविवार सोडून सहा दिवसांत वाचकाच्या हाती ३४ पाने पडत. आदेशातील कोष्टकाप्रमाणे सात नव्या पैशांच्या दैनिकाला सहा दिवसांत २४ पानेच देता येत होती. ३४ पाने कायम ठेवावयाची तर किंमत आठ नवे पैसे करणे भाग होते.

प्रथम पाने कमी करण्याच्या पर्यायाचा विचार करावा. ३४ पानांपैकी ४० टक्के, म्हणजे १३.६ पाने जाहिरातींची व २०.४ पाने मजकुराची होती. पाने २४ वर आणून जाहिरातींचे प्रमाण तेच ठेवले, तर जाहिरातींना ९.६ व मजकुराला १४.४ पाने मिळतात. जाहिरातींची आठवड्याला चार पाने कमी होतात आणि तेवढे उत्पन्न बुडते; मजकुराचीही सहा पाने जातात. उत्पन्न टिकविण्यासाठी जाहिरातींची १३.६ पाने कायम ठेवावयाची म्हटले, तर मजकुरासाठी अवघी १०.४ पाने उरतात. पूर्वीच्या तुलनेत मजकूर जवळजवळ निम्म्यावर येतो. वर म्हटल्याप्रमाणे या कपातीचा पहिला आघात जिल्ह्याच्या व तालुक्याच्या बातमीवर होणार, हे उघड आहे.

आता किंमत वाढविण्याचा पर्याय. तीस दिवसांच्या व चार रविवारांच्या महिन्यात ‘सकाळ’च्या वाचकाला २ रुपये ३० नवे पैसे खर्च येई. रोजच्या अंकाची किंमत आठ नवे पैसे झाली असती तर हा खर्च २ रुपये ५६ नव्या पैशांवर गेला असता. एका नव्या पैशाची वाढ दिसावयास क्षुल्लक असली तरी रोजच्या अंकापुरते तिचे प्रमाण १४ टक्क्यांहून अधिक पडते. खेड्यातील ज्या वाचनालयात, शाळेत वा दुकानात एकाच अंकावर अनेकांची वाचनाची भूक भागे, तेथे ही वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. पत्राच्या बाजूने पाहिल्यास, खप कायम राहिला असता तर रोजची ठोक विक्री ५२० रुपयांनी वाढली असती. खप ५२,००० वरून ४५,५०० वर आला असता तर ठोक विक्रीत काहीच भर पडली नसती. उलट घटलेल्या खपामुळे जाहिरातीचा दर मात्र खाली आला असता. तात्पर्य, एका पर्यायात मजकूर जातो आणि दुसऱ्यात वाचक जातो.

या संदर्भात आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. बातमीचे प्रमाण ठरलेले नसते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेच्या पुराने पुण्यातील पेठा पाण्याखाली गेल्या. अशा दिवशी व त्यानंतरच्या कित्येक आठवड्यांत बेपत्ता माणसे, मदत केंद्रे, पाणीपुरवठा, रोगप्रतिबंध व पुनर्वसन यांविषयीची माहिती ही नागरिकांच्या जीवनमरणाची गोष्ट असते. ती छापण्यास जागा हवी, आणि ती जागा आठवड्याच्या ठराविक पृष्ठसंख्येत बसविता येत नाही. पुरवणीसाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहणे हे तर त्याहून अशक्य.

६. न्यायालयाचा निर्णय

‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारतीय संघराज्य’ या खटल्याचा निर्णय २५ सप्टेंबर १९६१ रोजी लागला. सरन्यायाधीश भु. प्र. सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी निकालपत्र दिले. १९५६ चा अधिनियम व १९६० चा आदेश यांतील वादग्रस्त तरतुदी घटनाबाह्य ठरविण्यात आल्या.

शासनाचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : वृत्तपत्र हा एक व्यवसाय आहे, किंमत व पाने या व्यवसायाच्या बाबी आहेत, राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील सहाव्या खंडाप्रमाणे व्यवसाय-स्वातंत्र्यावर सार्वजनिक हिताच्या दृष्टीने वाजवी निर्बंध घालता येतात, कोणत्या मताचा प्रचार करावा यास कायदा हातही लावीत नाही, खप घटलाच तर तो अप्रत्यक्ष परिणाम होय.

न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही. भाषण व मतप्रकटनाच्या स्वातंत्र्यात विचारांच्या प्रसाराचे, म्हणजे पत्राच्या वितरणाचे स्वातंत्र्य अंतर्भूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालच्या रोमेश थापर खटल्यातच मान्य केले होते. या तत्त्वाचा विस्तार करून न्यायमूर्ती मुधोळकरांनी असे प्रतिपादिले की, हे स्वातंत्र्य किती मजकूर प्रसिद्ध करावा व तो किती लोकांपर्यंत पोहोचवावा या दोन्ही गोष्टींना लागू आहे. पाने कमी केली तर मजकुराच्या परिमाणावर बंधन येते; किंमत वाढविली तर खपावर येते; जाहिरातींची जागा घटविली तर उत्पन्न घटून पुन्हा किंमत वाढवावी लागते आणि खपच कमी होतो. काही पत्रांचा खप कमी व्हावा आणि तो इतरांकडे वळावा हाच कायद्याचा उद्देश असल्यामुळे त्या परिणामाला अप्रत्यक्ष म्हणता येत नाही. मतप्रकटनाच्या स्वातंत्र्यावर निर्बंध घालावयाचे तर त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात सांगितलेल्या कारणांसाठीच ते घालता येतात. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी इत्यादी कारणे तेथे आहेत. ‘सार्वजनिक हित’ हे व्यापक कारण तेथे नाही. एक स्वातंत्र्य नियंत्रित करण्याच्या निमित्ताने दुसऱ्या स्वातंत्र्याचा थेट संकोच राज्याला करता येणार नाही, हा या निर्णयाचा गाभा होय.

व्यवसायाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व असे की, किंमत, पाने, खप व जाहिरात यांचा परस्परसंबंध त्यात घटनात्मक वस्तुस्थिती म्हणून मान्य झाला. तोवर जमाखर्चाची वही आणि अग्रलेख या दोन वेगळ्या खोल्यांतील वस्तू मानल्या जात होत्या. निकालाने त्यांमधील भिंत काढून टाकली.

७. निर्णयानंतर

निर्णयाने कायदा गेला. ज्या अडचणीसाठी तो केला होता ती मात्र गेली नाही. १९७२ साली बेनेट कोलमन खटल्यात वृत्तपत्री कागदाच्या धोरणातील दहा पानांची मर्यादा न्यायालयाने ‘सकाळ’ निर्णयाच्याच आधारे अवैध ठरविली. तथापि त्या खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी भिन्नमताचे निकालपत्र लिहिले, आणि पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ च्या अहवालात पृष्ठ-मूल्याच्या कोष्टकाचा व बातमी-जाहिरात प्रमाणाचा पुन्हा पुरस्कार केला. ती शिफारस अमलात आली नाही. इकडे न्यायमूर्ती मुधोळकर १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देशापुढे अशा रीतीने दोन न्यायाधीशांच्या रूपाने उभी राहिली.

१९९० नंतरच्या दशकात वृत्तपत्री कागदावरील नियंत्रण उठले. मोठ्या समूहांनी अंकाच्या किमती उतरवून स्पर्धा केली, आणि प्रादेशिक दैनिकांनी जिल्हावार आवृत्त्या व रंगीत पुरवण्या काढून तिला उत्तर दिले. ‘सकाळ’ही या काळात अनेक आवृत्त्यांचे पत्र झाले; त्याची मालकी १९८० च्या दशकात परुळेकरांनंतरच्या व्यवस्थेकडून पवार कुटुंबाकडे गेली होती. १९६१ साली मोठ्यांच्या तुलनेत लहान असणारे पत्र जिल्ह्याच्या गावच्या चार पानी दैनिकाच्या दृष्टीने मोठे झाले. राजाध्यक्ष आयोगाने ज्याच्याविषयी चिंता व्यक्त केली होती, त्या अल्पसाधन पत्राची जागा आता तालुका व जिल्हा पातळीवरील पत्रांनी घेतली, एवढाच फरक.

याचा अर्थ न्यायालयाचा निर्णय चुकला असा नव्हे. कोष्टकाचा दोष असा की, ते पानांची संख्या मोजते, पानांवर काय आहे ते मोजत नाही. सहाव्या पानावर गावाची बातमी देणारे पत्र आणि तेच पान जाहिरातींनी भरणारे पत्र या दोघांवर ते एकच निर्बंध घालते. मोठा समूह आपल्या इतर व्यवसायांच्या बळावर किंमतवाढ सोसू शकतो, आणि अगदी लहान पत्राला मुळात चारच पाने काढावयाची असतात. कोष्टकाची रेषा ज्याच्यावरून जाते ते मधल्या आकाराचे प्रादेशिक दैनिक असते, आणि प्रदेशाची बातमी गोळा करण्याची यंत्रणा प्रायः त्याच्याजवळच असते. लहान पत्रांच्या साहाय्याचे अन्य मार्ग, जसे सरकारी जाहिरातींचे न्याय्य वाटप, कागदाचा रास्त दराने पुरवठा, टपाल व वाहतुकीतील सवलत, हे कोणाच्याही पानांना कात्री न लावता योजता येतात. परंतु सरकारी जाहिरात व सरकारी सवलत यांनाही स्वतःचा धोका आहे, आणि देणाऱ्याच्या मर्जीवर घेणाऱ्याचा अग्रलेख अवलंबून राहू नये याची व्यवस्था अद्याप समाधानकारकपणे लागलेली नाही.

एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात महाराष्ट्र शासनाने वृत्तपत्रांच्या घरपोच वाटपावर काही दिवस बंदी घातली व ती लवकरच शिथिल केली. त्या वर्षी जाहिराती आटल्या आणि अनेक दैनिकांनी पाने कमी केली. या वेळी पाने कमी करण्याचा आदेश कोणी दिला नव्हता. आदेशाविनाच अंक आक्रसला. संगणकीय माध्यमांकडे जाहिराती वळल्यामुळे चार चाकांपैकी एक चाक निखळू लागले आहे, आणि राज्यसंस्थेविरुद्ध मिळालेले संरक्षण बाजारपेठेविरुद्ध उपयोगी पडत नाही. १९६१ साली चोवीस पाने की चौतीस पाने हा प्रश्न निदान न्यायालयापुढे मांडता येत होता. आज ज्या तालुक्याचा वार्ताहर कमी होतो, त्या तालुक्याला दाद मागण्यास असे स्थान नाही. प्रादेशिक दैनिकाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच जुन्या अंकांचे अग्रलेख चाळताना त्या अंकांची पाने, किंमत व जाहिरातींचे स्तंभही मोजून ठेवावेत. कोणत्या गावाची बातमी कोणत्या वर्षापर्यंत छापून येत होती, याची नोंद त्यांतूनच हाती लागेल.